छावणीतला तिसरा नंबर

बीडला एका कचेरीच्या भिंतीला लागून झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या पायरीशी माझं टेबल. लोकांना अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. फेरफाराची नक्कल, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव, माहिती अधिकार, काय म्हणाल ते. जोडीला एक वही ठेवलीय. तिच्यात जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या कचेऱ्यांचे फोन नंबर आहेत. कुठला खरंच लागतो, कुठल्यावर नुसती रिंग जाते, कुठला कधीचा मेलाय, ते समोर लिहिलेलं. सरकारी यादीत हे नसतं. सरकारी यादीत बदली झालेले साहेब अजून त्याच खुर्चीत बसलेले असतात. पाणीपुरवठ्याच्या एका नंबरावर तर पिठाची गिरणी उचलते. गिरणीवाला बिचारा सांगतो, "बाबा रे, मी पानी सोडत न्हाई, दळून देतो."

लोक म्हणतात, किती करता हो तुम्ही लोकांचं. मी ऐकून घेतो. मी काही भला माणूस नाही. तोंडाचा फटकळ आहे, गिऱ्हाइकावर खेकसतो, आणि ही वही मी लोकांसाठी केलेलीच नाही. मायसाठी केली. मायला एका माणसाचं नाव पाहिजे होतं.

त्या साली पाऊस आला नाही आणि आदल्या साली धड झाला नव्हता. आमचं गाव नेकनूरच्या अंगाला. विहिरी आटल्या, बोअरमधून नुसता वारा येई. कडबा कुठंच मिळेना, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, दोन बैल आणि एक गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेले. छावणी चार कोसांवर, तिथल्या दूध संस्थेनं चालवलेली. जनावरं तिथं म्हणजे माणूसही तिथंच. पाचटाचं खोपट, वर पोत्याचा आडोसा, आणि रोज सकाळी रजिस्टरवर मालकाचा अंगठा. मालक हजर असेल तरच त्याच्या जनावराला चारा, असा नियम होता. मायला घर सोडता येईना, कारण टँकर आला की भांडी लावायला माणूस लागतं. ती गावात, आबा छावणीत आणि मी बीडला.

मी बीडला एका सरकारी कचेरीच्या टंचाई कक्षात कंत्राटी कारकून होतो. कक्ष कसला, एक खोली, एक टेबल, एक फोन आणि एक लांबडी नोंदवही. गावोगावचे लोक फोन करत, टँकर आला नाही, चारा संपला, विंधन विहीर बिघडली. मी लिहून घ्यायचो आणि ज्याचं काम त्याला कळवायचो. खोटे फोनही लई यायचे. दुसऱ्याच्या वस्तीचा टँकर आपल्या गल्लीत वळवायला लोक काय वाट्टेल ते सांगायचे. म्हणून साहेबांनी बजावलं होतं, नावगाव नाही तर तक्रार नाही. मला ते फार आवडलं. जन्मात पहिल्यांदा खुर्ची मिळालेली, त्यात हातात नियम. माझ्याइतका कडक तो नियम कोणीच पाळला नसेल.

आबा छावणीत सगळ्यांना सांगायचे, "आमचं पोरगं बीडला मोठ्या कचेरीत हाय." मी त्यांना म्हणायचो, नका हो सांगू असं, लोक कामं घेऊन येतात. ते हसायचे आणि पुन्हा सांगायचे.

वैशाखातल्या एका दिवशी, कचेरी सुटायच्या सुमारास, संस्थेच्या कारकुनाचा माझ्या मोबाईलवर फोन आला. आबा गेले. दुपारीच गेले. माझा नंबर छावणीच्या फॉर्मवर होता, फॉर्म संस्थेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशात. तो जेवायला गेला होता.

जलदान विधीला छावणीतली एक बाई आली. आबांच्या शेजारच्या खोपटातली, दुसऱ्या गावची, दुसऱ्या जातीची. आबांना ती मामंजी म्हणायची, कारण तिच्या सासऱ्याचं आणि आबांचं नाव एकच. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बाया सासऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि त्या नावाच्या दुसऱ्या कुणाचंही घेत नाहीत. मरेस्तोवर पाळतात. तर ती मायजवळ बसून रडली आणि तिनं सगळं सांगितलं.

"दुपारच्याला मामंजीच्या छातीत कळ आली. घामानं भिजून गेलते. गडी मानसं चाऱ्याच्या गाडीवर गेलती. मामंजीचा फोन बंद पडलेला. मंग मी माझ्या फोनवरून छावनीच्या फळ्यावरचे नंबर लावले. तीन हुते. पैल्यावर कुनी उचलंना, दुसऱ्यावर बी न्हाई. तिसऱ्यानं उचलला. पर त्यो मानूस उलटंच इचारत बसला आन ठिवूनच दिला, बाई. परत लावला तर उचललाच न्हाई. दोन घंटे जित्ते हुते मामंजी."

दोन घंटे. तेवढ्यात बीडहून गाडी दोनदा येऊन गेली असती. रुग्णवाहिकेचा नंबर वेगळा असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. छावणीत जे फळ्यावर तेच सरकार.

मी तिला पाण्याचा तांब्या द्यायला गेलो. "घ्या ताई," म्हणालो. तिनं दचकून वर बघितलं, तांब्या घेतला नाही, पदर सावरला आणि उठून गेली. मला वाटलं, जात आडवी आली. छावणीत आबांच्या माठातलं पाणी पीत होतीस ना गं, आणि इथं आमच्या दारात विटाळ? मनातल्या मनात तिला चार शिव्या हासडल्या. नंतर ती उसाच्या टोळीबरोबर लांबच्या कारखान्यावर गेली, तिचा फोन कायमचा बंद लागू लागला.

तेव्हापासून माय रोज सांजच्याला चूल पेटवताना त्या माणसाला शिव्या द्यायची. "तळपट हुईल मुडद्याचं. मरताना त्याला पान्याचा घोट मिळनार न्हाई. ज्या तोंडानं उलट इचारलं त्या तोंडात माती पडंल." आबा गेल्यापासून मी रोज बीडहून मुक्कामाला घरी यायचो, तिच्यासमोर भाकरी खात बसलेला असायचो. म्हणायचो, "पडंल माय, पडंल." मनापासून म्हणायचो. त्या माणसाचा माझ्याइतका राग जगात कुणाला नव्हता.

दुष्काळ सरला, टंचाई कक्ष बंद झाला, माझी खुर्ची गेली आणि मी झेरॉक्सच्या पायरीशी आलो. चारेक वर्षं अशीच गेली. एक दिवस माय म्हणाली, "तू समद्या गावाला कागद काढून देतूस. मला त्या मानसाचं नाव काढून दे. बिननावाच्या शिव्या लागत न्हाईत रे. कुठंबी जाऊन पडत्यात."

आधी तो फळा बघायला गेलो. संस्थेनं त्यावर पांढरा रंग मारून दूध संकलनाच्या वेळा लिहिल्या होत्या. जवळ जाऊन, मान वाकडी करून पाहिलं, रंगाखालून एक आकडा दिसेल तर शपथ. कारकुनाला एवढंच आठवलं की एक नंबर संस्थेचा होता, बाकीचे दोन सरकारी. मग मी वही केली आणि दुष्काळात ज्या ज्या कचेरीचा नंबर फळ्यावर जाऊ शकतो ती सगळी मांडली. रोज दुपारी नंबर फिरवायचो. रिंग जायची. ओसाड खोलीत कुठं तरी घंटी वाजतेय आणि ऐकायला कोणी नाही, हे मला इकडून दिसायचं. पंचवीस, तीस रिंगा मी मुद्दाम जाऊ द्यायचो. त्या बाईनं किती जाऊ दिल्या असतील, असं मनात यायचं.

मग अर्ज. पहिला दूध संस्थेला. उत्तर आलं, आमची संस्था सहकारी आहे, माहितीचा अधिकार आम्हाला लागू होत नाही. वा रे वा! चारा सरकारचा, रजिस्टर सरकारसाठी आणि विचारलं की सहकारी. तेच रजिस्टर मी सहकार खात्याकडून मागवलं. महिना-दीड महिना गेला, नकला आल्या. त्यात फोनचं काही नव्हतं. पण एका पानावर आबा होते. बैल दोन, गाय एक, मालक हजर, आणि समोर निळा अंगठा. आबा जाऊन दोन दिवस झाल्यावरची तारीख होती.

मला लगेच उलगडा झाला. जनावरं मी तिसऱ्या दिवशी नेली, तोवर त्यांना चारा द्यायचा तर मालक हजर पाहिजे. कुणी तरी भल्या माणसानं अंगठा ठोकला असणार. पण मायला वाचून दाखवलं आणि चूक केली.

"हजर म्हनतेत? मग कुठं हुते ते दोन दिस?"

"माय, अंगठा दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

"आसंल," ती म्हणाली. पण त्या निळ्या डागावर बोट फिरवत बसली आणि कागद तिनं उशाखाली ठेवला. तेव्हापासून माझ्याही डोक्यातून ते जाईना. भर दुपारी टेबलावर बसलेलो असताना वाटायचं, आबा छावणीच्या रांगेत उभे आहेत, आपण गेलोय हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही, आणि ते अंगठा द्यायला हात पुढं करताहेत.

मग तालुक्याची कचेरी. तिथं त्या दिवसांत फोनवर बसणारा कारकून आता निवृत्तीला आला होता, दम्यानं खोकणारा. त्याच्याकडं नोंदवही नव्हतीच. माझं टाळकं फिरलं. चार लोकांसमोर त्याला म्हणालो, "माणूस मारलात तुम्ही माझा! फोन उचलून ठेवून दिलात!" तो नाही म्हणाला नाही, हेच मला तेव्हा पुरावा वाटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आठवत नाही हो मला. दिवसाला शंभर फोन यायचे. असेल, मीच ठेवला असेल." घरी येऊन मी मायला सांगितलं, बहुतेक सापडला. माय त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

"बहुतेक न्हाई," ती नंतर म्हणाली. "पक्कं कर."

एकच कचेरी उरली होती. माझी. तिथं मी शेवटी गेलो, कारण तिथं फोनवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मीच बसायचो. माझ्याकडं आला असता तर मला कळलं नसतं का? भीती वाटत होती का म्हणाल तर नाही. जराही नाही. हेच मला आता सगळ्यात भयंकर वाटतं. यादी पुरी व्हावी, मायनं एक राहिली म्हणू नये, एवढ्यासाठी अर्ज टाकला आणि कागदपत्रं समक्ष पाहायची परवानगी मागितली.

अभिलेख कक्षात जुने कागद लाल कापडात गाठ मारून ठेवलेले असतात. शिपाई ओळखीचा निघाला, पूर्वी मला चहा आणून देणारा. त्यानं गाठोडं सोडलं, धूळ झटकली आणि हसला. "तुमचीच नोंदवही तुमीच अर्ज करून मागायलात? काखेत कळसा आन गावाला वळसा! पुढच्या महिन्यात आला असतात तर रद्दीत गेली असती ही."

मीही हसलो. पान उलटत त्या दिवसापर्यंत आलो. दुपारची नोंद होती. त्याच छावणीची एक नोंद वर: बैलाचे पोट फुगले आहे, मालकाचं नाव, गाव, आणि शेरा, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवले. त्याच्या खाली:

"महिला. रुग्णाचे नाव सांगण्यास नकार. छावणीतील वृद्ध इसम आजारी, वाहन पाहिजे. शेरा: नाव नसल्याने कार्यवाही नाही."

अक्षर माझं होतं.

दोनदा, तीनदा वाचलं. वाचता वाचता तो आवाज परत आला. चार वर्षं कुठं दडून बसला होता कोण जाणे, शब्दन्‌शब्द आला. "साहेब, मामंजी लई बेजार हायेत, गाडी धाडा." नाव सांगा. "नाव कसं घिऊ साहेब? आमच्या सासऱ्याचंच नाव हाय त्यांचं." बाई, माणूस आजारी आहे की लग्नात उखाणा घ्यायचाय? "त्यांचं पोरगं तुमच्यातच हाय, कचेरीत." आणि मी काय म्हणालो? म्हणालो, प्रत्येकाचं कोणी ना कोणी या कचेरीत असतंच, ओळखी सांगू नका, नाव सांगायचं असेल तर फोन करा. आणि रिसीव्हर ठेवला. फोन परत वाजला. मी उचलला नाही. शिपाई चहा घेऊन आला होता. त्याला मी ही गोष्ट नक्कल करून सांगितली, माणूस मरतंय म्हणते आणि नाव घ्यायला लाजते. आम्ही दोघं हसलो. याच शिपायाबरोबर हसलो.

"काय झालं? बसा," तो म्हणाला. त्याला काही आठवत नव्हतं.

तेव्हा कळलं, ती बाई तांब्या न घेता का उठली. जात बीत काही आडवी आली नव्हती. "घ्या ताई," एवढे दोन शब्द तिनं ऐकले होते. ओळखला असेल का तिनं आवाज? मायला तिनं तेवढं सांगितलं नाही. का नाही सांगितलं? विचारायला ती कुठं सापडायची?

तालुक्याच्या त्या कारकुनाकडं माफी मागायला गेलो. तो निवृत्त होऊन गावी निघून गेला होता. दिलेल्या नंबरावर रिंग जाते, कोणी उचलत नाही.

मायला मी कचेरी न सांगता एवढंच सांगितलं, तालुक्याचा तो कारकून नव्हे, नोंद सापडली, पण उचलणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. खोटं नव्हतं ते. त्या वहीत फोन करणाऱ्याच्या नावाला रकाना होता, उचलणाऱ्याच्या नावाला नव्हता. मायनं कपाळावर हात मारला आणि संध्याकाळी चुलीपुढं बसून पुन्हा सुरू केलं. मी समोर. भाकरी तिच्या हातची, शिव्या तिच्या तोंडच्या, आणि दोन्ही माझ्याच ताटात. आता "पडंल माय" म्हणायला माझी जीभ वळेना. ती म्हणायची, "तू कावून गप हायस? बापाचा राग न्हाई का आला तुला?" मग म्हणायचो, आला. रात्री झोप यायची. जेवणाच्या वेळेला मात्र मी उगाच दाराबाहेर रेंगाळायचो. असे दोन महिने काढले.

एका सांजेला तिचा सूर वेगळाच लागला. रडत नव्हती, ओरडत नव्हती, शांतपणे जाळ सारत बोलत होती. "त्याला काय म्हनून काय फायदा? त्याच्या मायला म्हनते मी. असं लेकरू जल्माला घातलं तिनं. तिला बी असंच बसावं लागंल चुलीम्होरं एकटीला. तिचं काळीज असंच करपंल. तिला कुनी..."

"माय, तिला नको बोलूस."

"कावून? कोन लागती ती तुझी?"

मी ताट बाजूला सारलं. "तूच आहेस ती."

तिला कळलं नाही. मी नोंदवहीची नक्कल खिशातून काढली, दोन महिने खिशातच होती, आणि वाचून दाखवली. अक्षर कुणाचं ते सांगितलं. त्या बाईनं नाव का घेतलं नाही, मी काय बोललो, चहा पिताना काय हसलो, तेही सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. चुलीतलं लाकूड जळत बाहेर आलं, तिनं ते आत सारलं नाही.

मग ती म्हणाली, "एवढी वर्सं मी तुलाच देत हुते व्हय रे?"

"हो."

"मग आता कुनाला देऊ?"

"मलाच दे, माय. नाव घेऊन दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत बसलो. तिनं ताट पुन्हा माझ्यापुढं ओढलं, त्यात एक भाकरी टाकली आणि तोंड फिरवलं. एकही शिवी दिली नाही. आजपर्यंत दिलेली नाही.